मामाजींची जनावरं

मामाजी आधी वास घ्यायचे आणि मगच बोलायचे. सकाळी सांडपाण्याच्या प्लांटवर आले की सायकल भिंतीला टेकवून ते थेट मोठ्या टाकीच्या कठड्यावर वाकायचे, डोळे मिटायचे आणि लांब श्वास घ्यायचे. ज्या वासानं आमच्या साहेबांच्या नाकावरचा रुमाल हलत नसे, तो वास हा माणूस भाजीची फोडणी तपासावी तसा तपासायचा. मी तेव्हा नगरपालिकेत नवा कनिष्ठ अभियंता होतो आणि ते प्लांटवरचे जुने कामगार; सगळे त्यांना मामाजीच म्हणत. प्रयोगशाळेचा अहवाल पाच दिवसांनी जे सांगे, ते मामाजी चहाच्या आधी सांगत. पहिले काही महिने मी त्यांना हसलो आणि नंतर गुपचूप त्यांच्या शेजारी वाकायला लागलो.

टाकीतल्या जिवाणूंना ते ‘जनावरं’ म्हणायचे. मूळचे आंधळगावकडचे, धान पिकवणाऱ्या घरातले. त्यामुळे सगळं त्यांना शेतीतूनच कळे. पाणी तपकिरी असलं आणि रोवणीच्या वेळी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलाला येतो तसा वास आला, की जनावरं खुशीत. पाणी काळं पडून सडक्या अंड्याचा वास सुटला, की जनावरं मेली. “हे घाण खातेत म्हणून नदी वाचते जी,” ते मला म्हणाले होते. “आपन फक्त त्याईले हवा द्याची. दुसरं काई मांगत नाही बिचारे.” चार वर्षं शिकून मी जे परीक्षेत लिहिलं होतं, ते त्यांनी एवढ्याशा बोलण्यात संपवलं.

आमचा प्लांट म्हणजे सरकारी अकलेचा नमुना होता. वैनगंगेकाठच्या या शहराचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जाईल, असं फलकावर लिहिलेलं. जमिनीखालून नळ्या टाकल्या, वरून सिमेंटचे रस्ते झाले आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की घरांचे संडास त्या नळ्यांना जोडायचे राहूनच गेले. जोडायचे तर नवे रस्ते फोडावे लागणार. रस्ते दुसऱ्या खात्याचे, परवानगी तिसऱ्याची. नगरसेवकांना विचारलं तर निवडणूक होऊ द्या म्हणाले. मग प्लांटला मिळे ते एका नाल्याचं पातळ पाणी. योजनेत बांधायला निधी होता, चालवायला नव्हता. असल्या योजना आखणाऱ्यांना एक वर्ष त्या टाकीकाठी राहायला लावावं, असं मला आजही वाटतं.

पातळ पाण्यात जनावरं उपाशी मरायला लागली, तेव्हा मामाजींनी घरून गूळ आणला. शेणाचा काला करून त्यात गूळ कालवला आणि रोज दुपारी डबा खाण्याआधी ते टाकीत ओतायचे. आधी त्यांना, मग आपण. बैलाला घास दिल्याशिवाय जेवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. ती त्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या जनावरांनाही लागू केली. साहेबांनी पाहिलं तेव्हा ते खूप हसले. दोन आठवड्यांत टाकीला पुन्हा चिखलाचा वास आला.

एवढा जीव लावण्यामागचं कारण नदीच्या खालच्या अंगाला होतं. त्यांची एकुलती लेक वनिता तिथल्या गावात दिली होती. त्या गावाची नळयोजना नदीपात्रातल्या विहिरीवर चाले आणि त्यात ब्लीचिंग पावडरपलीकडे काही पडत नसे. मामाजींच्या जुन्या माणसांत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी चाल होती. मामाजी ती पाळत नसत. उलट रविवारी लेकीकडे गेले की ओसरीवर उभ्यानंच पाणी मागायचे, वास घ्यायचे आणि गटागटा प्यायचे. सोमवारी मला निकाल कळे. “काल दोन गिलास पेलो,” म्हणाले, की माझाही आठवडा बरा जाई.

मग वरून हुकूम आला. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सेन्सर बसवा, दर पंधरा मिनिटांनी आकडे राजधानीतल्या पडद्यावर दिसले पाहिजेत. हेतू चांगलाच होता. पण तोवर प्लांट चालवायला ठेकेदार आला होता आणि वीज वाचवायला तो हवा सोडणारं यंत्र निम्मा दिवस बंद ठेवी. पडद्यावर आमचं शहर लाल दिसू लागलं. लाल दिसलं तर योजनेचा पुढचा हप्ता थांबणार. हवेचं यंत्र चालू ठेवा, असं एकाही बैठकीत कुणी म्हटलं नाही. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, सेन्सर नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवा.

हे मी मामाजींना सांगितलं. मीच सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही. ते म्हणाले, “आन् नदीत कोनतं पानी सोडाचं जी? बादलीतलं?” नोकरी नवी होती, घरी लग्नाची बोलणी चालली होती, असली सगळी कारणं माझ्याकडे होती. त्यांनी बादलीला हात लावला नाही. बादली मीच भरली आणि सेन्सरही माझ्याच हातानं आत सोडला. संध्याकाळपर्यंत आमचं शहर हिरवं झालं.

मामाजींनी आरडाओरडा केला नाही. ते फक्त रोजच्या नोंदवहीत लिहीत गेले: आज वास खराब, हवा बारा तास बंद. ती वही साहेबांच्या हाती पडली. जनावरांची एवढी आवड आहे तर कोंडवाड्यावर पाठवा, असं साहेब म्हणाले आणि बैठकीत सगळे हसले. मीही हसलो. मोकाट गुरं कोंडायच्या त्या पत्र्याच्या आवारात मामाजींनी नोकरीची शेवटची दोन वर्षं काढली. जाताना त्यांनी गुळाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. “रोज दुपारी द्या,” एवढंच म्हणाले. मी आठवडाभर दिला. मग हवाच नाही तर गूळ कशाला, असं मनाशी म्हणून सोडून दिलं. टाकी काळी पडली. त्याच वर्षी स्वच्छतेचं प्रमाणपत्र आलं आणि त्याच्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत उभा आहे.

मामाजी गेल्या महिन्यात गेले. मला उशिरा कळलं, तोवर वनिता सासरी परतली होती, म्हणून तिच्या गावी भेटायला गेलो. तिनं खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास हातात दिला. मी नकळत तो नाकाशी नेला. “बाबा बी असंच करत,” ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. “पन आखरीले आखरीले माह्या घरचं पानी पेतच नव्हते. बाटली घेऊन येत. काहून म्हनून विचारलं त म्हने, लेकीच्या घरचं पानी पेऊ नाही, जुन्या लोकाईची चाल हाय. म्हातारपनी कुठून हे खूळ भरलं, काई समजलंच नाही जी.”

मला समजलं होतं; गावाला दुसरं पाणीच नव्हतं, म्हणून तिला खरं कारण सांगणं त्यांना जमलं नसावं. तिला आता सांगायला हवं होतं आणि सांगणारा मी एकटाच उरलो होतो. मी तहान नाही म्हणालो आणि ग्लास तसाच स्टुलावर ठेवला. मग तिनं विचारलं, “प्लांट बराबर चालून राहिला ना साहेब? बाबाचा लय जीव होता तिथं.”

“चालून राहिला,” मी म्हणालो.

तिला बरं वाटलं. तुम्ही तर तोंडही लावलं नाही, असं म्हणत तिनं माझा ग्लास उचलला आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून स्वतःच पिऊन टाकलं.