वावरातलं रिसेप्शन

मागच्या महिन्यात अकोल्याहून भाऊजींचा फोन आला. "बेबी, सुमन गेली," एवढंच म्हणाले.

सुमनताई माझी थोरली बहीण. आम्ही तिघी, मी शेंडेफळ. बाबा अमरावतीला शिक्षक होते. साठ सालानंतर ताईही शिकवायला लागली आणि दर्यापूरकडच्या शेतकरी घरातल्या एका शिक्षकाशी तिचं लग्न ठरलं. तेव्हा तिनं सांगून टाकलं, लग्न आपल्या अंगणात, सकाळी, चहा-चिवड्यावर. हुंडा नाही, मानपान नाही, पंगत नाही. बाबा दुखावले. "घरातलं पहिलं लग्न आहे, सुमन." ती म्हणाली, "म्हणूनच, बाबा. माझ्या लग्नात जे कराल ते या दोघींच्याही करावं लागेल."

मुलाकडून निरोप आला, असं लग्न आम्हाला जमणार नाही. ताईनं सरळ दर्यापूरची एसटी धरली. बाबा आणि मी सोबत. तिचे होणारे सासरे ओसरीवर बसले होते. रागावलेले नव्हते, अडचणीत होते. "पोरी, मी अख्ख्या गावाच्या पंगतीत जेवलो. आता माह्या घरचं लगन, अन् गावाले काय निसता चहा पाजू? लोक तोंडात शेन घालतीन."

याचा विचार ताईनं केलाच नव्हता. ती त्यांच्यासमोर ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "मामाजी, सध्या वावरात काय आहे?"

"जवारी हाये. हुरड्यावर आली."

"मग गावाला तिथंच बोलवू. हुरडा तुमचा, वाढायला मी."

ते तिच्याकडे पाहत राहिले आणि एकदम हसले. "हुरड्याले कोन नाई म्हनते!"

लग्न ठरल्याप्रमाणे अमरावतीला झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव वावरात जमलं. हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी. नवी नवरी आगटीपाशी बसून गरम कणसं चोळत होती, तळहातावरची मेंदी राखेखाली दिसेनाशी झाली होती. भाऊजींच्या आत्या मात्र मानाचं लुगडं नाही म्हणून बांधावरूनच परतल्या. ताई मागे धावली, पण त्या थांबल्या नाहीत. पुढे कितीतरी वर्षं बोलल्या नाहीत. "माझं चुकलं नव्हतं," ताई म्हणायची, "पण त्यांचंही काही चुकलं नव्हतं."

मधलीचं लग्न तसंच झालं. माझ्या वेळी तर पाहुण्यांना अटी सांगायला बाबाच पुढे झाले.

पुढे ताई-भाऊजी अकोल्याला जठारपेठेत स्थायिक झाले. पंगत नाकारणाऱ्या या बाईच्या घरून उपाशी कुणी गेलं नाही. कुणी येईल म्हणून रात्री ती दोन भाकरी जास्तीच्या थापायची. परवा मी गेले, तर तिची सूनही तशाच थापत होती. त्या रात्री कुणी आलं नाही. सकाळी भाऊजींनी त्या दोन भाकरी दुधात कुस्करल्या आणि हळूहळू संपवल्या.