व्होल्गेकाठची खालची आळी

दादा गेल्याचं भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी दळण घेऊन नुकतीच घरी आले होते. पिठाचा डबा तसाच दारात राहिला…

दादा माझा थोरला भाऊ. केनवडकडच्या आमच्या गावातल्या बौद्धपुऱ्यातून शिष्यवृत्तीवर थेट रशियात गेला. व्होल्गेकाठच्या एका लहान गावाचा इतिहास आणि व्यापार, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. सुट्टीत आला की सांगायचा… छातीला पट्टा लावून धान्याच्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढणारे मजूर, त्यांच्या कष्टावर गब्बर झालेले व्यापारी, रेल्वे आल्यावर ओस पडलेला धक्का. पुढे नदीवर धरण झालं. व्यापाऱ्यांची घरं टेकाडावर होती, ती वाचली. मजुरांची आळी बुडाली. नवी जागा मिळाली तीही खोलगटातच. बर्फ वितळला की चुलीपर्यंत पाणी.

सत्तरच्या दशकात तो परतला, एका कॉलेजात शिकवू लागला आणि इकडे आमच्याच नाल्यावर तलावाचं काम निघालं. गाव उठणार होतं. गावाला वरचा माळ आणि आमच्या पुऱ्याला नाल्याकाठची जमीन, असं ठरवून तलावाच्या कामाचे सरकारी साहेब गावच्या सभेला आले. दादा उठला. त्यानं व्होल्गेकाठच्या त्या खालच्या आळीची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, मग शांतपणे म्हणाला, "साहेब, आमाले खाली कायले टाकून राह्यले तुमी? माळावर जागा भेटल्याबिगर आमी उठत नाही."

नंतर कॉलेजकडं निरोप जाऊ लागले, हा रशियाचा माणूस लोकांना भडकावतो म्हणून. कॉलेजानं त्याला काढलं. पावसाळा लागला, तलावाची भिंत पुरी होत आली, गाव माळावर गेलं. आम्ही तिथंच. पाणी खळ्यापर्यंत चढलं. आईनं विचारलं, "बाबू, पोरंसोरं बुडाले तं?" दादा म्हणाला, "माय, आज उठलो तं दरसाल बुडू."

पाणी पहिल्या घराच्या पायरीला लागलं, तेव्हा साहेब आले. माळावरच्या जागा आखून दिल्या. भर पावसात आम्ही सामान वाहिलं. एकही जीव गेला नाही. दादाची नोकरी मात्र परत आली नाही; जन्मभर खासगी शिकवण्या करत राहिला.

माळावर सगळ्यांनी तलावाकडं पाठ करून घरं बांधली. दादानं तेवढी एक खिडकी पाण्याकडं ठेवली. दर पावसाळ्यात सकाळी उठून आधी तिथं उभा राहायचा, पाणी कुठवर आलं ते बघायचा, मगच चहा. तो गेल्यावर परवा त्याच्या घरी मुक्कामाला होते… वहिनीनं चूल पेटवायच्या आधी ती खिडकी उघडली.