माझ्या पानावर खोटी सही नको

"सात नंबरला बेडपॅन पाहिजे. तू जा. तुझ्या घरचंच काम आहे ते."

ट्यूटर मॅडम वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून बोलल्या. हळू नाही. आम्ही सहा मुली चार नंबरच्या खाटेभोवती उभ्या होतो. ट्रे मांडलेला. स्पिरिटचा बोळा, चिकटपट्टी, दंडाला बांधायचा रबरी पट्टा आणि सलाईनची सुई. ती सुई शिरेत कशी घालायची ते मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा दाखवणार होत्या. आदल्या दिवसापासून मी त्याचीच वाट पाहत होते. पुस्तकातलं पान तोंडपाठ केलं होतं. म्हणून मी सगळ्यांत पुढे उभी होते.

चार मुली हसल्या. एक नाही हसली. ती रुखसार.

मी गेले. सात नंबरच्या बाईला बेडपॅन दिलं, पडदा ओढला, तिचं झाल्यावर तिला पुसलं, भांडं धुतलं, हात धुतले. परत आले तोवर चार नंबरला सुई लागलेली होती. सलाईन थेंबथेंब पडत होतं. मॅडमनी विचारलं, "समजलं सगळ्यांना?" सगळ्या हो म्हणाल्या. मीही हो म्हणाले. त्या हो म्हणण्याची मला आजही चीड येते.

मॅडमना कसं कळलं? मीच सांगितलं होतं. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, प्रवेशाच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय असा रकाना होता. बहुतेकींनी गृहिणी लिहिलं. मी मोठ्या अक्षरांत सफाई कामगार लिहिलं. माझी माय पिंपळगाव राजाहून रोज सकाळी खामगावला जायची. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात फरशी पुसायची, संडास धुवायची, रक्ताच्या चादरी गोळा करायची. त्या कामावर मी वाढले. लपवायचं कशाला? वरच्या रकान्यात जात होतीच. आम्ही बौद्ध. हे दोन रकाने वाचून मॅडमनी माझा तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठरवून टाकला.

एक गोष्ट आत्ताच सांगते, नाहीतर कोणी उलटा अर्थ काढेल. बेडपॅन देणं हलकं काम नाही. थंडीत ते आधी गरम पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर पेशंट दचकतो. देताना त्याच्या तोंडाकडे पाहू नये, दुसरीकडचं काहीतरी बोलावं. हे मला कॉलेजनं शिकवलं नाही, मायनं शिकवलं. ते काम मी आजही करते. पण तेच एक माझं आणि बाकी सगळं इतरांचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

आमच्या प्रत्येकीकडे एक जाड वही असायची. प्रॅक्टिकल रेकॉर्ड. एकेका कामाला एकेक पान. बेडपॅन, अंग पुसणं, एनिमा, ड्रेसिंग, इंजेक्शन, लघवीची नळी, सलाईनची सुई. प्रत्येक पानावर तीन रकाने. पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. आणि शेवटी शिकवणारीची सही. वही पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.

माझं बेडपॅनचं पान पहिल्याच वर्षी भरलं. मी जादा कागद चिकटवला. तोही भरला. एनिमा भरला. मेलेल्या माणसाचं अंग पुसून त्याला गुंडाळून देणं, त्याचं पान भरलं. सुई हातात धरायची वेळ आली की मॅडमना काहीतरी आठवायचं. "तू जरा स्टोअरमधून चादरी आण." "तू नातेवाइकांना बाहेर काढ." एकदा तर सरळ म्हणाल्या, "तुला नोकरी कोट्यातून लागेलच. तुझं काही अडणार नाही. या बिचाऱ्यांना शिकू दे."

या बिचाऱ्या! त्यांच्यातल्या एकीच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता.

कॉलेजात सरावासाठी रबराचा एक हात होता. आतून लाल पाणी फिरायचं, शिरा फुगायच्या. पण तो प्लास्टिकच्या पिशवीत, कुलूपबंद कपाटात. खराब होईल म्हणून. तपासणीला बाहेरची माणसं येणार असली की तो हात बाहेर यायचा, टेबलावर पांढऱ्या कापडावर निजायचा. आम्ही त्याच्याभोवती गोल करून उभ्या. फोटो व्हायचा. पाहुणे गेले की हात परत कपाटात. तीन वर्षांत मी त्याला दोनदा शिवले, दोन्ही वेळा धूळ पुसायला.

शेवटी रुखसारनं तिचा खरा हात पुढे केला. ती रोहिणखेडची. वडील टेलर. सुईची भीती नावाला नाही. होस्टेलच्या खोलीत बाही वर करून ती म्हणाली, "ले, पाह्य माही नस. दोरीसारखी हाय. लाव बिनधास्त."

मी पट्टा बांधला. शीर सापडली. सुई आत गेली, मागं रक्त दिसलं. मला इतका आनंद झाला की पट्टा सोडायच्या आधीच मी प्लास्टिकच्या नळीच्या आतली सुई ओढून काढली. रक्ताची धार लागली. चादर लाल, माझा युनिफॉर्म लाल.

"पट्टा सोड ना बे!" रुखसार ओरडली आणि हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिचा हात काळानिळा पडला होता. मॅडमना तिनं सांगितलं, बसच्या दारात सापडला. मी मात्र घाबरले. मैत्रिणीचा हात ही काही शिकायची जागा नव्हे. त्यानंतर तिनं कितीदा म्हटलं तरी मी तिला टोचलं नाही.

तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी एका रविवारी मी घरी गेले. सोबत ती वही. माय जेवण झाल्यावर भिंतीला टेकून वही चाळत बसली. तिला चौथीपर्यंत वाचता येतं. बोट ठेवून ठेवून वाचलं.

"हे पानं कोरे काऊन हायेत?"

"मॅडम करू देत नाहीत, माय."

"मंग आता परीक्षा?"

"शेवटी सगळ्यांनाच सह्या देऊन टाकतात. न करता."

मायनं वही मिटली. मग सहज म्हणाली, "आमचं बी तसंच हाय. दर महिन्याले मुकादम वही आनते. हातमोजे भेटले म्हनून मी सही करतो. बारा वर्सं झाले. भेटले नाई कधी."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. ॲसिडनं बोटांची कातडी सोलली होती. ते हात मी रोज पाहत आले होते. पण कागदावर त्या हातांत बारा वर्षं मोजे होते, हे मला त्या दिवशी कळलं.

वह्या जमा करायचा दिवस आला. मॅडमच्या टेबलावर ढीग. सगळ्याच मुली रिकामे रकाने खोट्या पेशंटांनी भरत होत्या. खाट नंबर अमुक, नाव तमुक. ही कॉलेजची जुनी रीत. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. माझी पाळी आली. मॅडमनी पानं उलटली आणि पेनचं टोपण काढलं.

"किती कोरं ठेवलंस गं! जा, रुखसारच्या वहीतून पेशंट उतरवून घे. सुईची दहा लिही, नळीची पाच. मी सह्या करते."

मी हलले नाही.

"अगं, जा ना. तुझ्यासाठीच करतेय. एवढं कोण करतं?"

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी वही उतरवायलाच आले होते. बंड करायचं माझ्या मनात नव्हतं. वर्ष वाया जाऊ नये एवढीच माझी उडी. पण त्या उघड्या पेनाकडे पाहिलं आणि मला मायची वही दिसली. हातमोजे मिळाले, सही. सुई शिकवली, सही. आधी हातातून काढून घ्यायचं, मग मिळालं असं आमच्याच अक्षरात आमच्याकडूनच लिहून घ्यायचं. वर उपकार!

मी म्हणाले, "मॅडम, खोटी सही नको. मले पेशंट द्या."

त्या घाईत माझ्या तोंडून घरची बोली निघाली. मी ती दुरुस्त केली नाही.

मॅडम हसल्या. "पेशंट द्या? तीन दिवसांत? मग हॉल तिकीट विसर."

मी टेबलावरून वही उचलली. तिथंच बाकावर बसले. सुईच्या कोऱ्या पानावर आडवं लिहिलं, "हे काम मला करू दिलेलं नाही." खाली माझी सही, तारीख. लघवीच्या नळीच्या पानावर तेच. इंजेक्शनच्या पानावर तेच. अकरा पानं होती. अक्षर वाकडं आलं. पण वाचता येत होतं. ती वही घेऊन मी प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवली.

त्यांनी वाचली. चष्मा काढला. पुन्हा घातला. "ही पानं बाहेरच्या परीक्षकांनी पाहिली तर काय होईल, कळतं का तुला?"

"कळते, सर."

"फाड ती. नवी लावून देतो."

"फाडणार नाही."

हॉल तिकीट थांबलं. बाकीच्या पाचजणी परीक्षेला बसल्या. रुखसार रडत बसली. सहा महिन्यांनी बस, असं मला तोंडी सांगण्यात आलं. लेखी कोणी काही दिलं नाही.

माय पाठीवर थाप मारेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! ती अशी भडकली की शेजारच्या बाया गोळा झाल्या. "सही घेतली असती तं काय झालं असतं वं? मी बारा वर्सं केली नं? हात तुटला काय माहा?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचंही खरं होतं. तिला मी लढाया करायला नको होते, तिला मी पांढऱ्या कपड्यात हवी होते, लवकरात लवकर. तिसऱ्या दिवशी खामगावला निघताना दारात थांबून म्हणाली, "मंग आता शिकूनच ये. तशी येऊ नको."

त्या सहा महिन्यांत प्राचार्यांनी मला अपघात विभागात टाकलं. प्रेमानं नाही. ती अकरा पानं खऱ्यानं भरली तरच त्यांची झोप शांत होणार होती. तिथली इनचार्ज सिस्टर सगळ्यांवर सारखी ओरडायची. मला ते फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी वडनेर भोलजीची एक म्हातारी आली. जुलाबांनी वाळून गेलेली. शिरा बसलेल्या. सोबत मुलगा. इनचार्ज सिस्टरनं ट्रे माझ्यासमोर सरकवला. मुलानं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, आडनावावर थांबला, आणि सिस्टरला म्हणाला, "दुसरी कोनी नाई काय?"

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं, इथं मी एक पाऊल मागं घेतलं तर पुन्हा सात नंबरच्या खाटेपाशी जाऊन पोचणार.

"आहे," मी म्हणाले. "पण सुई मीच लावीन."

म्हातारीनं डोळे उघडले. "कोनाची वं तू?"

"पिंपळगावची. माय सफाईचं काम करते."

"मंग लाव नं लवकर. जीव चालला माहा."

मी लावली. हुकली. शीर फुटली, कातडीखाली गाठ आली. मुलगा ओरडायला लागला. मी बोळा दाबून धरला आणि म्हातारीला म्हणाले, "माझं चुकलं, आजी. एकदा अजून दुखंल." दुसऱ्या हाताची शीर दोन बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपली. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटांना लागली. सुई घातली. मागं रक्त दिसलं. पट्टा सोडला. आधी पट्टा. मग आतली सुई काढली. सलाईन सुरू झालं.

सही करताना इनचार्ज सिस्टरनं पेन अडवून धरलं. "दोनदा टोचलं नं? मंग तसंच लिही. पहिल्यांदा हुकली."

मी लिहिलं. पहिल्यांदा हुकले. सुईच्या पानावर, त्या आडव्या वाक्याखाली, 'स्वतः केलं'ची ती माझी पहिली ओळ.

मी पास झाले. सगळ्यांच्या सहा महिने मागून. अंतर्गत गुण मॅडमच्या हातात होते, ते त्यांनी दिले तेवढेच दिले. मायनं पुढल्याच महिन्यात मुकादमाच्या वहीत सही करायचं नाकारलं. "आधी दे, मंग सही." तिला आठ दिवस घरी बसवलं. मग मोजे आले. एकच जोडी, तीही पुरुषी मापाची. बाकीच्या बायांनाही द्या म्हणून तिचं भांडण अजून चालू आहे.

आज मी याच जिल्ह्यात स्टाफ नर्स आहे. माझ्या वॉर्डात शिकाऊ मुली येतात. बेडपॅन पाळीनं. पेट्रोल पंपवाल्याच्या मुलीलाही. आणि ट्रे मांडला की मी आधी पाहते, मागं कोण उभी आहे, कोणाला चादरी आणायला पाठवलंय. ती आल्याशिवाय मी सुई उचलत नाही.

दर वर्षी परीक्षेच्या आधी वह्यांचे ढीग येतात. त्यांच्या मॅडम फोन करतात, "सिस्टर, तेवढ्या सह्या करून टाका, पोरींचं वर्ष जाईल." मी सांगते, पोरी पाठवा. परवा एक आली. मान खाली. सुईचं पान कोरं.

"केलं का कधी?"

तिनं पानाची कडा दुमडली.

"कोणी करू दिलं नाही?"

तिनं मान वर केली. तिच्या मागं इतर मुली उभ्या होत्या, एक हसत होती. माझी ती अकरा पानांची वही अजून माझ्या कपाटात आहे. एकही पान फाडलेलं नाही, फाडणारही नाही. जिनं केलं नाही तिच्या पानावर माझी सही पडणार नाही, आणि जिला करू दिलं नाही तिला करू दिल्याशिवाय मी वॉर्डातून जाऊ देणार नाही. कोणाचाही फोन येऊ दे.

मी पेन खिशात ठेवलं आणि खोक्यातून हातमोजे काढून तिच्यापुढे धरले.

"घाल. नऊ नंबरला सलाईन लावायचंय. तू लावायचं."