काकांच्या सुनेची स्कोल्ट

शब्दाचं मूळ सापडल्याशिवाय ज्याला घास गिळवत नाही असा माणूस अख्ख्या अबुधाबीत एकच होता, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे पुण्याचे, तेल कंपनीत इंजिनिअर. दाढ काढून झाल्यावर डॉक्टर "खलास!" म्हणाला, तर तोंडात कापसाचा बोळा असतानाही काकांनी त्याला ऐकवलं, "खलासचा मूळ अर्थ सुटका." डॉक्टर इजिप्तचा होता, अरबी ही त्याची मातृभाषा.

अशा माणसाच्या मुलाने आयर्लंडमध्ये परस्पर लग्न केलं आणि नंतर घरी कळवलं. काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. काकू चोरून फोन करायच्या. मग एका शुक्रवारी सुनेचाच व्हॉइस मेसेज आला. सगळा इंग्रजीत, मध्ये एकच शब्द तिच्या आयरिश भाषेतला: "आपल्या घरात पडलेली ही स्कोल्ट मला बघवत नाही."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका म्हणाले, "स्कोल्ट म्हणजे?"

"अहो, आधी तिला उत्तर द्या!"

"अर्थ कळल्याशिवाय उत्तर कसं देणार?"

काका हट्टाला पेटले. ऑफिसातल्या आयरिश सुपरवायझरला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. त्याने सांगितलं, भिंतीला चीर जाते ती स्कोल्ट, पक्षात फूट पडते तीही स्कोल्ट, लाकूड फोडतात तेही स्कोल्ट. त्या संध्याकाळी काका बनियनवरच आमच्या दारात उभे. "शकल! शकल म्हणजे तुकडा! शब्द आपलाच आहे!" पुढचे दोन दिवस कोशांशी भांडले. कोश बधले नाहीत. मूळ निघालं 'स्केल', म्हणजे कापणं. इंग्रजीतलं 'शेल', शिंपल्याचं कवच, तेही त्यातलंच.

"शकल नाही निघालं," मी वर गेलो तेव्हा ते पडेल चेहऱ्याने म्हणाले.

"काका, आता तरी फोन करा."

त्यांनी माझ्यासमोरच लावला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "मी तुझा सासरा. तू शब्द चुकीचा वापरलास. स्कोल्ट म्हणजे लाकूड फोडल्यासारखं, परत न जुळणारं. आपल्याकडे तसं काही झालेलं नाही. आपल्याकडे नुसता अबोला होता."

पलीकडून सून भरल्या आवाजात म्हणाली, "अ-बो-ला?"

"'ला' इतका लांबवू नकोस," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. पुढचा तासभर उच्चार चालला होता. मधेच मुलगाही फोनवर आला, तेव्हा मी हळूच खाली निघून आलो.

यंदा काका निवृत्त झाले आणि दोघं आयर्लंडला मुलाकडे राहायला गेले. परवा बसमध्ये एक फिलिपिनो बाई कडेवरच्या बाळाला एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होती. फार गोड शब्द होता. अर्थ मला कळला नाही, आणि विचारावं कुणाला, तेही सुचेना.