वाफ्याच्या कडेचे दगड

परकोटाजवळच्या बागेत आज चुना लावणं चाललं होतं. ओल्या चुन्याचा तो उग्र, घशात बसणारा वास आला आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापलं. गावाला सगळे अजून चांदाच म्हणत, स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी इथल्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते.

परकोटाच्या जुन्या दरवाजाबाहेर मोहाच्या झाडांखाली कोरीव दगड उभे असत. कुणावर घोडेस्वार, कुणावर चंद्र-सूर्य. जंगलातली माणसं वर्षातून एकदा येत, पूर्वजांच्या त्या दगडांना हळद लावत, तांदूळ वाहत, सावलीत जेवत आणि परत जात. मग दरवाजाला नव्या शहराशी जोडायचं ठरलं. जोडायचं म्हणजे काय, तर मोह तोडायचे, कर्दळी लावायच्या, लाल मुरमाची वाट काढायची. आणि ते दगड? आडवे पाडून, निम्मे पुरून, चुना फासून वाफ्यांच्या कडेला लावले!

त्या वर्षी एटापल्लीकडची एक म्हातारी दोन कर्त्या मुलांसह आली. मी शाळेला निघाले होते. ती एकेक वाफा चाचपत, नखांनी चुना खरवडत होती. एका दगडावर घोड्याचा पाय दिसला, तशी ती त्याच्यापाशीच बसली.

माळ्यानं हटकलं. बागेची आखणी करणारे तरुण साहेब तिथंच होते, तेही आले.

"हा आमच्या घरचा बुढा आहे. याले इथी काऊन गाडलं?" तिनं विचारलं.

"बाई, हे दगड बेवारशी होते," साहेब समजुतीनं म्हणाले.

"बेवारशी? मंग मी कोन आहो?"

साहेबांनी हातातला नकाशा उलगडून त्यावर बोट ठेवलं. "एक काढला तर सगळी कड बिघडेल."

शाळेची वाट सोडून मी पुढे झाले. "बिघडू द्या. तिच्या घरचं माणूस आहे ते."

रस्त्यावरचे लोक जमले, तेव्हा कुठे साहेबांनी माळ्याला पहार आणायला सांगितलं.

दगड निघाला. तिनं पदर भिजवून तो पुसला, लेकराचं तोंड पुसावं तसा. मुलांनी तो बांबूला बांधून खांद्यावर घेतला.

"मिळाला ना तुमचा? आता जा," साहेब म्हणाले.

ती निघाली, थांबली, उरलेल्या पांढऱ्या ओळीकडे तिनं हात केला. "बाकीचे कोनाचे आहेत? त्यायच्या लोकायले सांगतलं का कोनी?"

तो खड्डा दुसऱ्याच दिवशी विटांनी भरला. शहराचा आणि इतिहासाचा मेळ घालणारे पुढे कितीतरी आले. त्यांनी कारंजी बसवली, दिवे लावले, फुलं तोडू नयेत अशा पाट्या ठोकल्या. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एकानंही दिलं नाही.