पेंढ्याच्या उडवीतली मोटार

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं पाहिली. त्या सगळ्याची हळूहळू सवय होते. एका घटनेची मात्र मला सवय झाली नाही. ती आज सांगतो आहे. कोणाचंही नाव देणार नाही, कारण दोन्ही घरांत आता लहान मुलं आहेत.

रत्नागिरी तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. दिवाळी होऊन गेली होती, भातकापणी आटोपत आली होती. एका सकाळी आरे-वारेच्या रस्त्यावर, चढणीच्या वळणाशी, मासे विकणारी एक बाई मेलेली आढळली. पहिली एसटी पकडायला ती डोक्यावर पाटी घेऊन निघाली होती. बांगडे रस्ताभर पसरले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा हवालदार हातातल्या काठीने कावळे हाकलत होता.

अज्ञात वाहनाविरुद्ध गुन्हा नोंदवला. पंचनाम्यात दोन गोष्टी मला खटकल्या. बाईला धडक जोराची होती, तरी रस्त्यावर काचेचा कण नव्हता. आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की ती लगेच गेलेली नाही, अर्धा तास तरी जिवंत असावी.

प्रेत ओळखायला तिचा भाऊ आला. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. जवळच्या गावात आंब्याच्या बागेवर तो गडी होता आणि बागेच्या खालच्या टोकाला त्याचं घर होतं. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी तो ठाण्यात यायचा आणि बाकावर बसून राहायचा.

"साहेब, काय कळला काय?"

"तपास चालू आहे."

"बरा," म्हणायचा, आणि तरी बसून राहायचा.

त्याच आठवड्यात आमच्याकडे चोरीची फिर्याद आली. फिर्यादी म्हणजे त्या बागेचे मालक. जहाजावर मोठ्या हुद्द्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, गावात त्यांना सगळे कप्तान म्हणत. त्यांची जुनी मोटार शेडमधून गेली होती. जुनी म्हणजे साधी नव्हे. एका संस्थानिकाने ती परदेशातून मागवली होती आणि तिची बॉडी तिथल्या कारागिरांकडून स्वतःच्या मर्जीप्रमाणे बांधून घेतली होती. पुढचं तोंड लांब, मोठमोठे दिवे, आणि मागचा भाग होडीसारखा निमुळता, सागवानी पट्ट्यांचा. संस्थानिकानंतर ती एका बॅरिस्टरांकडे होती. तिथून कप्तानांनी ती मोडक्या अवस्थेत घेतली आणि बारा वर्षं खपून पूर्ववत केली. मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तिला बक्षीस मिळालं होतं. त्यांनी फोटो टेबलावर मांडले, तेव्हा ठाण्यातलं सगळं काम पाच मिनिटं थांबलं.

तेवढ्यात बाकावरचा गडी उठून उभा राहिला. कप्तानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"इन्स्पेक्टर, हा माझा माणूस. याच्या बहिणीचं आधी बघा. माझी गाडी काय, नंतर सापडेल."

मला तो गृहस्थ आवडला.

गाडीसाठी आम्ही महामार्गावर हातखंब्याला नाकाबंदी केली, घाटांवर कळवलं, गोदामं तपासली. असली गाडी रस्त्यावर निघाली तर शाळेतली पोरं दप्तर टाकून मागे धावतात. पण एका माणसानेही ती पाहिली नव्हती. मी बीट अंमलदाराला म्हटलं, "दोन टनांची वस्तू हवेत जात नाही. ती गावाबाहेर गेलेलीच नाही. तू गावातच फीर."

तो फिरला. गड्याच्या शेजारी एक काकू राहत होत्या. त्यांच्या पडवीत तो पाणी प्यायला बसला.

"काकू, चोरीची गाडी कुठं दिसली का?"

"गाडी नाय दिसली बाबा. पन शेजाऱ्यान उडवी रचलान ती बगितलास? गुरा इकून दोन वरसा झाली. आता पेंढा सोता खानाराय की काय?"

भाताच्या पेंढ्याची उडवी, म्हणजे भारे रचून केलेला ढीग, आमच्याकडे घरोघर असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. पण ती गुरांसाठी असते. काकू पुढे म्हणाल्या, "आनि सगळी मांजरा तिच्याभवती. उंदीर झालं असतील."

बीट अंमलदाराने परत येऊन हे सांगितलं. मी गड्याला बोलावून घेतलं. ठाणे अंमलदार जबाब लिहायला बसले. चहा मागवला.

"उडवी कशाला रचलीत?"

"पेंढा व्हता. रचला."

"गुरं कुठे आहेत?"

"घेनार हाय."

"कधी?"

त्याने कप उचलून परत ठेवला. मी आवाज चढवला नाही. गप्प बसणाऱ्या माणसावर ओरडलं, की त्याला गप्प बसायला कारण मिळतं. एवढंच म्हटलं, "मग कप्तानांना बोलावतो आणि त्यांच्यासमोरच ती मोडून बघतो."

त्याने मान वर केली. "साहेब, चोरी झाल्याली नाय. घरातली गोष्ट हाय. त्येंचे भाव पुन्यावरना वाटनी मागतायत. गाडी ऱ्हावी म्हनून लपवून ठेवली. महिनाभरान काढनार. त्येंनी माज्याकडना शब्द घेतलान."

"गाडी नीट आहे?"

"ताडपत्रीत बांदलेली व्हती. मी निस्ता वरना पेंढा रचला."

"कोणत्या दिवशी?"

"आमची बाय गेली ना, त्याच दिवशी सकाळी. तवा मना कायच ठावं नव्हता. रचून हात धुतलं, आनि पोलीस आलं सांगायला."

ठाणे अंमलदारांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. गडी बशीत चहा ओतून पीत होता. आम्हाला जे कळलं होतं, ते त्याला अजून कळलं नव्हतं.

जागा दाखवणारा तोच, त्यामुळे पंचांसमोर त्याला नेणं भाग होतं. दोन शिपाई पेंढा ओढायला लागले तसा तो पुढे झाला. "तसा नाय, वरना काडा. अंगावर येल." स्वतःच वर चढून एकेक भारा खाली देऊ लागला. निम्मी उडवी उतरली आणि वास आला. चोरीच्या फिर्यादीतली गाडी आत होती आणि समोरून कुजलेल्या मासळीचा वास येत होता. पंचांपैकी एकाने नाकाला रुमाल लावला.

ताडपत्री सोडली. गाडी अजूनही आरशासारखी चमकत होती, धुऊन पुसून ठेवलेली. फक्त डावा दिवा फुटलेला आणि त्याच्या बाजूचं मडगार्ड आत दबलेलं. मडगार्डच्या खालच्या फटीत, जिथे पाण्याचा फवारा पोहोचत नाही, तिथे एक बांगडा चिरडून अडकला होता. त्याच्याशेजारी पाटीच्या कडेचा तुकडा, निळ्या नायलॉन दोरीने बांधलेला.

गडी वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"दोरी माजी हाय," तो म्हणाला. "पाटीचा काठ सुटला व्हता. मीच बांदून दिलेला."

मग त्याने अंगावरच्या पेंढ्याच्या काड्या एकेक काढायला सुरुवात केली. सगळ्या काढून झाल्या तरी हात थांबेनात. हवालदाराने त्याला धरून बाजूला बसवलं. "माजा पन नाव लिवा," एवढंच तो म्हणत होता. "मीच रचला. माजा पन लिवा."

कप्तानांच्या घराची झडती घेतली. अभ्यासिकेच्या कपाटात एक लाकडी पेटी मिळाली. आत कापूस अंथरून दिव्याच्या काचेचे तुकडे ठेवले होते, मोठे एका बाजूला, बारीक एका बाजूला. रस्त्यावर काच का नव्हती, ते तेव्हा कळलं. असं काही असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. पेटी धरलेला शिपाई माझ्याकडे बघत राहिला.

ठाण्यात कप्तानांनी काही नाकारलं नाही. पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून ते एकटेच फेरी मारायला गेले होते. वळणावर बाई समोर आली. भावांच्या वाटणीची गोष्ट गड्यासाठी रचलेली होती, आणि गाडी कुठे गेली असं कोणी विचारू नये म्हणून चोरीची फिर्याद.

"उतरल्यावर आधी काय पाहिलंत?" मी विचारलं.

"डावा दिवा," ते लगेच म्हणाले. "ती काच आता जगात कुठे मिळत नाही. तुकडे असले तर नमुना करता येतो."

"बाई जिवंत होती."

"हो, हलत होती."

"तुमच्याकडे फोन होता."

"सुचलं नाही," म्हणाले. तोंडावर भीती नव्हती. आपण सांगतो आहोत त्यात चूक काय, याचा ते खरोखर विचार करत होते.

ती बाई कोणाची, हे त्यांना दुपारी गड्याच्या घरून रडण्याचा आवाज आला तेव्हा कळलं. तरी तीन दिवसांनी ते ठाण्यात आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

गडी बाहेर बाकावर होता. मी बाहेर आलो तेव्हा त्याने उठून विचारलं, "साहेब, ती काय बोलली काय, त्येंना इचारा."

मी आत जाऊन विचारलं.

"काहीतरी म्हणत होती," कप्तान म्हणाले. "मी काचा वेचत होतो. लक्ष नव्हतं."

हे त्याला सांगावं की नाही, असं वाटून मी दारात थांबलो. पण त्याने विचारलं होतं आणि विचारण्याचा हक्क त्याचा होता. मी जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे बोलली ती," तो म्हणाला. आणखी काही विचारलं नाही. एसटीची वेळ झाली होती, तो निघून गेला.

कायदेशीर सल्ला घेऊन आम्ही त्याला आरोपी न करता साक्षीदार केलं. निष्काळजीपणे मृत्यूस कारण होणं, जखमीला मदत न करणं, पुरावा नाहीसा करणं आणि खोटी फिर्याद देणं या आरोपांखाली खटला चालला, शिक्षा झाली. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात होती. लांबून लांबून लोक ती बघायला येत. मुंबईहून फोन येत, की पावसाळ्याआधी तिच्यावर नीट छप्पर घाला, लाकूड खराब होईल. त्या बाईबद्दल एकाही फोनवर कोणी विचारलं नाही.

या प्रकरणानंतर अपघाताच्या प्रत्येक गुन्ह्यात मी चालकाला नेहमीच्या प्रश्नांआधी एक प्रश्न विचारू लागलो: खाली उतरल्यावर आधी कुठे पाहिलंत? वेग, ब्रेक, दारू यांवर माणसं सर्रास खोटं बोलतात. या प्रश्नावर सहसा बोलत नाहीत, कारण त्यात आपण सापडू असं त्यांना वाटत नाही. कप्तानांनाही वाटलं नव्हतं.