टाचेवर न बसलेला वार

एका निरपराध माणसाची नोकरी माझ्या सहीने जाता जाता राहिली. ती वाचवण्यासाठी मला पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात लाकडी घोडा कमरेला बांधून उभं राहावं लागलं. घरच्यांना यातला फक्त घोडाच ऐकायचा असतो. आज सगळं सांगतो. नावं मात्र कुणाचीच घेत नाही.

मी तेव्हा गोव्यात डिचोली तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. शिगम्यात, म्हणजे तिथल्या होळीच्या सणात, एका गावात घोडेमोडणीचा नाच चालला होता. कमरेला बांबूचा सांगाडा आणि त्याला लाकडी घोड्याचं तोंड, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार, पायांत घुंगरं. ढोलावर उड्या मारत एकामागून एक जायचं. पुढचा घोडा पन्नाशी ओलांडलेल्या काकांचा होता, त्यांच्या मागचा पुतण्याचा. नाचता नाचता काका ओरडले आणि खाली बसले. "पाठसून टाचेर तलवार मारली रे!"

मागे पुतण्याच होता. शिवाय पुढचा घोडा कुणी घ्यायचा यावरून सकाळीच दोघांचं वाजलेलं.

इस्पितळातून खबर आली, ती स्टेशन डायरीत नोंदवली. काकांची टाचेमागची जाड शीर, जिला डॉक्टर कंडरा म्हणतात, ती तुटली होती. ऑपरेशन झालं, पण जबाब घ्यायला लगेच परवानगी मिळाली नाही. तेवढ्यात इस्पितळाचा छापील अहवाल आला. त्यात दुखापत, मारहाण असं सगळं वैद्यकीय सांकेतिक क्रमांकांसकट होतं. हस्ताक्षरावर मी हजार शंका घेईन, पण छापील कागद दिसला की माझी अक्कल सलाम ठोकून बाजूला उभी राहते. गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदवायची मी तयारी केली आणि पुतण्याला बोलावून घेतलं.

"मारलंस?"

"नाय साहेब."

"भांडलास तरी?"

"भांडलंय. फुडलो घोडो माका होयो होतो. म्हणान काय काकाक मारीन?"

मग खालच्या आवाजात म्हणाला, "शुक्रवारी वास्कोक बंदरावर नोकरेक हजर होवचा आसा. गुन्हो नाय असो तुमचो दाखलो नाय तर माका घेवचे नाय. तीन वर्सां वाट बघलंय."

तीन तास मी त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस आधी भांडण लपवतो, आणि याने तर ते स्वतःहून पुढ्यात ठेवलं होतं. शेवटी वैतागून मी म्हणालो, "वाकून मारायला किती वेळ लागतो रे?"

तो म्हणाला, "साहेब, घोडो बांधल्यार माणूस वाकता खंय?"

मी गावातून घोडा मागवला. तो बांधणार कोण? हवालदार म्हणाले, "साहेब, तुम्हीच बघा. आम्ही पंच." दोरी माझ्या पोटाला पुरेना, काथ्याचा तुकडा जोडावा लागला. हवालदारांना पुढे उभं केलं आणि त्यांच्या टाचेवर तलवार मारायला गेलो. घोड्याचं तोंड त्यांच्या पाठीत रुतलं, सांगाडा माझ्या बरगड्यांत. तलवार त्यांच्या पोटरीपर्यंतही पोचली नाही. बाहेर तक्रार द्यायला आलेली दोन माणसं तक्रार विसरून हसत होती. मी हसलो नाही. गुरुवार उजाडला होता.

तडक इस्पितळात गेलो. नोंदणी विभागातल्या बाईंनी कागद काढले.

"हा एसने सुरू होणारा क्रमांक बाहेरून झालेल्या दुखापतीचा. कंडरा आपोआप तुटली तर एमचा लागतो."

"मग एस कशावरून?"

"दाखल करताना डॉक्टरांनी लिहिलंय, रुग्णाच्या सांगण्यानुसार मारहाण. मी मारहाण तेवढं घेतलं." बाईंचा चेहरा उतरला. "ऑपरेशनची नोंद मागाहून आली, साहेब. तोवर क्रमांक टाकून झाला होता. ती मी वाचलीच नाही."

ऑपरेशनची नोंद स्पष्ट होती. कातडीवर ओरखडा नाही. कंडरेची टोकं जुन्या दोरखंडासारखी पिंजलेली. सर्जन म्हणाले, "दम्यासाठी स्टेरॉइड चालू होतं. खोकल्यावर घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही यांनी स्वतःच घेतल्या, शिगम्यात नाचता यावं म्हणून. या दोन्हींनी कंडरा आतून कमजोर झाली होती, साध्या उडीने गेली. असे रुग्ण हमखास सांगतात की मागून कुणीतरी मारलं. तसंच जाणवतं त्यांना." त्यांनी तसं लेखी दिलं आणि क्रमांक बदलायला सांगितलं.

राहिला काकांचा जबाब. ते ऐकायलाच तयार नव्हते.

"आपसूक तुटली म्हणान लिवलात तर गाव काय म्हणतलो? शिगम्याचा व्रत पाळूक नाय, म्हणान देवान पाय मोडलो!"

आता कळलं, घाव त्यांना हवा का होता. मी म्हणालो, "काका, कागदात देवाचं नाव कुठेच नाही. गोळ्यांचं आहे."

त्यांनी मान दाराकडे वळवली. मग विचारलं, "तो भायर आसा?"

"रोज येतो. आत यायला भितो."

"येडो," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "लिवा साहेब. माका कोणीतरी मारल्यासारख्या वाटला. मारताना कोणाक बघूक नाय."

त्यांचे शब्द तसेच लिहून घेतले, अंगठ्याऐवजी त्यांनी हट्टाने सही केली. संध्याकाळी मी पुतण्याच्या दाखल्यावर सही केली.

नोकरीभर मी खोटं बोलणारा माणूस शोधत आलो. इथे तो नव्हताच. काकांना मार जाणवला होता, डॉक्टरांनी ऐकलं ते लिहिलं, बाईंनी त्यातला एक शब्द उचलला, आणि त्या शब्दावर गुन्हा नोंदवायला मी पेन उघडून बसलो होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक जबाबात मी एक प्रश्न विचारत राहिलो: पाहिलंत, की वाटलं? पुष्कळ माणसं चिडायची. काही जण मात्र आधीचं वाक्य मागे घ्यायचे, आणि खरा जबाब तिथून सुरू व्हायचा.